कागद मिळेपर्यंत बाळाला हात लावू नये

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. नवीन वही, नवीन पेन, नवीन पद. शवागाराचा संसर्ग नियंत्रण प्रभारी. बावीस वर्षं याच रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात फायली लावल्या, त्याचं अखेर चीज झालं. साहेब म्हणाले की माझ्याआधी पाच जणांना विचारलं होतं. म्हणजे सहा जणांतून निवड झाली.

हाताखाली माणसं दोन. एक मामा. सव्वीस वर्षं शवागारातच आहेत. माणूस आला की ट्रॉलीवर घेणं, पुसणं, कप्प्यात ठेवणं, डॉक्टरांचं काम झालं की टेबल धुणं, सगळं तेच करतात. दुसऱ्या मावशी. कचऱ्याच्या पिशव्या बांधून नेतात. दोघंही बोलायला कमी. माझ्या पदाचा दबाव असावा.

संध्याकाळी ६.३०

घरी बातमी सांगितली. हिने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली की लेक महिनाअखेरीला बाळाला घेऊन राहायला येतेय, लक्षात आहे ना? आहे. आमची पहिली नात. आठवडाभराची झाली, अजून फक्त फोनवर पाहिली. ही म्हणाली, शवागारातून आलेल्या हातांनी बाळाला शिवायचं नाही.

मी हसलो. समजावलं की संसर्ग नियंत्रणाचा प्रभारी म्हणजे अख्ख्या रुग्णालयातला सर्वांत स्वच्छ माणूस. हिने लेकीला फोन लावला. मायलेकींचं दोन मिनिटांत ठरलं. शवागार स्वच्छ आहे असा कागद आणा, मग बाळ घ्या. कागद मिळेपर्यंत हात लावू नये.

कागद! बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

चौकशी केली. असा कागद खरंच असतो. बाहेरून एक तपासनीस नर्सबाई येतात, पाहणी करतात, प्रमाणपत्र देतात. साहेबांकडून अर्ज पाठवला. तारीख मिळाली, २० नोव्हेंबर, गुरुवार. बाळ २९ला येणार. नऊ दिवस हातात. फ्रेमसुद्धा करून होईल.

संकल्प: रोज नऊच्या ठोक्याला ग्लोव्हज घालायचे, पाचला काढायचे. मध्ये एकदाही नाही. आज पाळला. चहा, फोन, बिस्किटं, साहेबांशी हस्तांदोलन, सगळं ग्लोव्हज घालूनच. ही रोजनिशीसुद्धा. पानं जरा चिकटतात, पण शिस्त म्हटली की थोडा त्रास आलाच.

मामा दिवसात पंधरा-वीस वेळा ग्लोव्हज बदलतात. किती ही उधळपट्टी! नोंद करून ठेवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ग्लोव्हज काढण्याची माझी स्वतःची पद्धत शोधली. एका हाताचा दुसऱ्या हाताला स्पर्श व्हायला नको, म्हणून दातांनी ओढायचे. मावशी बघत होत्या. तोंडावर पदर धरून बाहेर गेल्या. भारावल्या असाव्यात.

संसर्ग नियंत्रणाच्या सरकारी पुस्तिकेत लिहिलंय की शवागाराचे दोन भाग असावेत, स्वच्छ आणि अस्वच्छ, मध्ये जमिनीवर पिवळी रेघ. आमच्याकडे रेघच नाही. सव्वीस वर्षांत मामांना सुचली नाही. उद्या मी स्वतः मारणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रेघ मारली. एक अडचण आली. सरळ रेघ मारली तर माझं टेबल-खुर्ची अस्वच्छ भागात जातं. प्रभारी अस्वच्छ भागात कसा बसेल? टेबल हलवायचं तर पंख्याखालची जागा जाते. म्हणून रेघ टेबलापाशी थोडी वळवली. वळसा घालून पुन्हा सरळ नेली. वरून पाहिलं तर अस्वच्छ भागात माझं एक छोटं स्वच्छ बेट आहे.

मामांनी रेघ पाहिली. मग विचारलं की त्या बेटावर जायचं कसं, उडत? मी म्हटलं, पदसिद्ध अधिकाराने.

१० नोव्हेंबर, सोमवार

मामांबद्दल काही गोष्टी खटकू लागल्या आहेत. इथे मोकळेपणी लिहितो.

ते फडकं घेऊन माझ्या मागे मागे फिरतात. मी दाराच्या कडीला हात लावला की दोन मिनिटांत मामा तिथे. मी फोन खाली ठेवला की मामा फोनपाशी. कपाट, नळ, बटण, सगळीकडे तेच. हातात ओलं फडकं. ही सरळ सरळ पाळत आहे. कोणाला माझ्या खुर्चीचा मोह पडला असेल तर समजू शकतो, पंख्याखाली आहे.

दुसरं, जंतुनाशक पाणी. रोज सकाळी ताजं करण्यात अर्धा तास जातो, म्हणून मी शनिवारीच आठवड्याचं पिंपभर करून ठेवलं होतं. आज येऊन पाहतो तर मामांनी ते ओतून दिलेलं आणि नवीन केलेलं. विचारलं तर म्हणाले की शिळं झालं की त्याचा जोर जातो. पाणी कधी शिळं होतं का?

तिसरं, हात. माणसाला हात लावून झाल्यावर धुतात ते ठीक. पण मामा हात लावायच्या आधीही धुतात. मी विचारलं की मामा, समोरचा तर गेलेला आहे, आधी कशाला धुता? ते म्हणाले, आपल्याकडून त्याला काही लागू नये. साबण मात्र दुप्पट संपतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किरकोळ प्रकार घडला. सुयांचा पांढरा डबा पाऊण भरला की बंद करायचा, असं डब्यावरच छापलंय. पण अजून पाव भाग मोकळा होता. मी पेनच्या टोकाने सुया जरा आत दाबल्या. मावशी एकदम ओरडल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. म्हणाल्या की दोन वर्षांपूर्वी असाच गच्च भरलेला डबा उचलताना त्यांच्या बोटात सुई गेली होती. सहा महिने रक्त तपासत होते. सहा महिने त्यांनी स्वतःच्या लेकराला जवळ घेतलं नाही, कोणी नको म्हटलं नव्हतं तरी.

मी डबा बंद केला. पेन धुतला. नंतर तोच पेन थोडा वेळ तोंडात धरून विचार करत बसलो. मावशी फारच मनाला लावून घेतात.

बिस्किटांचं रिकामं वेष्टन पिवळ्या पिशवीत टाकलं होतं, तेही त्यांनी परत आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पिवळी पिशवी जाळायला जाते, म्हणे. त्यात माणसाचं जे काही असेल ते जातं, बिस्किटाचं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तीन दिवस राहिले. साहेबांना गोपनीय टिपण दिलं. माझी लेखणी अजून गंजलेली नाही. मुद्दे थोडक्यात: मामा जुन्या वळणाचे, साहित्याची नासाडी करतात, वरिष्ठांच्या मागे फिरतात. तपासणीत प्रमाणपत्र हुकलं तर याच गोष्टींमुळे हुकेल. सबब त्यांची बदली धुलाई विभागात करावी.

साहेब म्हणाले की तपासणीचा निकाल येऊ द्या, मग सही करतो. टिपण त्यांच्या खणात.

तोवर एक लेखी आदेश मीच काढला: परवानगीशिवाय कोणीही फडकं घेऊन फिरू नये. भिंतीवर लावला. मामांनी वाचला. फडकं धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातलं आणि स्टुलावर जाऊन बसले. मला वाटलं होतं वाद घालतील. चार ओळी तयार ठेवल्या होत्या, वाया गेल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासनीस नर्सबाई आज सहज डोकावून गेल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, हसऱ्या. म्हणाल्या की नुसती जागा बघायला आलेय, खरं काम गुरुवारी. ट्रॉलीच्या दांड्याला हात लावून पाहिला, टेबलावर हात फिरवला, माझ्या रेघेचं बेट पाहून मान डोलावली. मी सोबत होतोच. ट्रॉली मी स्वतः ढकलून दाखवली, चाकं कशी गुळगुळीत चालतात ते. बाई म्हणाल्या, छान. निदान एक तरी व्यक्ती इथे जाणकार आहे असं त्यांना वाटलं असणार.

मी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं की गुरुवारी मामांच्या हातांवर विशेष लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या की सगळ्यांच्याच हातांवर ठेवीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७

बाळाचा पाळणा आला. सुटे भाग, स्क्रू, कागदावर चित्र. दोन तास लागले, पण जोडला एकट्याने. चारी बाजूंचे कठडे हातांनी चाचपून पाहिले, कुठे टोचत नाही ना. आत गादी घातली, ती थोपटली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, छान जोडलात. तिच्या खांद्यावर थोपटलं.

मनात आलं, उद्या कागद, मग नऊ दिवसांनी या पाळण्यातून उचलून घेईन. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. पुसलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ८.३०

आज तपासणी. नवे ग्लोव्हज, नवा मास्क (हनुवटीवर, बोलायला बरं पडतं). हात तीनदा धुतले. आज काय व्हायचं ते मामांचं होऊ दे.

दुपारी ४.३०

लिहितो. लिहायलाच हवं.

बाई आल्या, आम्हा तिघांना आणि साहेबांना उभं केलं. खिडक्यांना जाड कापड लावलं, दिवे घालवले आणि पिशवीतून एक छोटा जांभळा दिवा काढला. मग म्हणाल्या की पावडर आज लावलेली नाही, मंगळवारीच लावली होती. ट्रॉलीच्या दांड्याला, टेबलाच्या कडेला. साध्या डोळ्यांना दिसत नाही, या दिव्यात हिरवी चमकते. पावडरने कोणाला काही होत नाही. ती फक्त सांगते की हात कुठे कुठे गेले. जिथे ती गेली तिथे दुसरंही काही जाऊ शकलं असतं.

मी मनात म्हटलं, झकास. आणि मामांकडे पाहिलं.

दिव्याखाली मामांचे हात धरले. काळे. चमकता एक ठिपका नाही. मनगट, नखं, सगळं स्वच्छ. त्यांचा एप्रन पुढून चमकला, पण तो काढून टाकायचाच असतो. मावशींच्या बुटांचे तळ चमकले. बाई म्हणाल्या, हे अपेक्षितच आहे.

मग दिवा माझ्याकडे वळला.

मिशी. आधी मिशी चमकली. मग चष्म्याच्या काड्या, कान, शर्टाची बाही, खिसा. टेबलावरचा फोन, चहाचा कप, बिस्किटांचा डबा, पेन (टोकाला दातांच्या खुणांसकट). दाराची कडी, कपाट, नळ, पंख्याचं बटण. माझं स्वच्छ बेट तर असं उजळलं की रेघ मारायची गरजच नव्हती. भिंतीवरचा आदेश काल सरळ केला होता, त्यावर माझे दहाही ठसे. बाई म्हणाल्या की हात तुम्ही आज धुतले असतील, पण ज्याला ज्याला हात लावला होता ते काही धुतलं नाही.

साहेबांच्या कोटाच्या खांद्यावर पंजा. काल शाब्बासकीच्या भरात मीच मारला होता. साहेबांनी स्वतःच जाऊन खणातलं टिपण काढून आणलं. धुलाई विभाग या शब्दांवर माझा अंगठा लखलखत होता. कालच पुन्हा मागून घेऊन मी त्यात एक स्वल्पविराम वाढवला होता.

बाईंनी मामांना विचारलं की कड्या, नळ, फोन हे पुसत नाही का कोणी? मामा म्हणाले की आधी पुसत होतो, सोमवारपासून बंद आहे. कोणाच्या मागे फिरून पुसत होतो ते त्यांनी सांगितलं नाही. मावशींनी सांगितलं. मोठ्या आवाजात.

सर्वांत शेवटी बाईंनी दिवा या वहीवर धरला. मी वही मागे लपवली होती. पान न् पान. त्या म्हणाल्या की ही इथून बाहेर जाता कामा नये, पिवळ्या पिशवीत टाका.

आणि त्याच क्षणी मला पाळणा आठवला.

संध्याकाळी ७.१५

बाईंकडून दिवा मागून घेतला. कशाला हवा ते त्यांनी विचारलं नाही. मामांनी मला नळापाशी नेलं, कोपरापर्यंत हात धुऊन घेतले, मिशीसुद्धा, मग सोडलं.

घरी येऊन दिवे घालवले. ही म्हणाली, काय झालं? मी दिवा लावला.

घंटी. दाराचं कुलूप. तिच्या पदरावर, खांद्यापाशी, चार बोटं. मग खोलीत गेलो. पाळणा.

चारी कठडे. इंचभर जागा सुटली नव्हती. आणि गादीवर, जिथे डोकं येईल तिथे, पूर्ण पंजा.

लाज वाटली. विनोदाने नाही लिहीत, खरंच वाटली. पावडर होती म्हणून बरं. मागच्या दोन आठवड्यांत पावडर नव्हती तेव्हा काय काय आणलं असेन, कोणास ठाऊक. हिने बादली भरून आणली. आम्ही दोघांनी पाळणा धुतला. स्क्रू काढून धुतला. गादी तिने मला धुवू दिली नाही.

वही पिवळ्या पिशवीत टाकणार होतो. पण साध्या पिशवीत गुंडाळून घरी आणली आहे. उद्या टाकतो. एवढे तपशील आहेत हिच्यात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांचा निर्णय: प्रमाणपत्र नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोपर्यंत शवागारात कोणी कुठे हात लावायचा ते मामा ठरवणार. पद माझंच राहील, कारण सातव्या माणसाला विचारायला साहेबांना वेळ नाही.

टिपण मी मागून घेतलं आणि फाडलं. मामांपुढे उभा राहिलो. म्हटलं, मामा, चुकलं. तुमची बदली करायला निघालो होतो. ते म्हणाले, माहीत होतं, टिपण टाइप करताना तुम्ही मोठ्याने वाचत होता.

मग म्हणाले की आधी टेबल हलवू. दोघांनी मिळून टेबल दाराबाहेर नेलं. पंखा गेला. बेटही गेलं, रेघ सरळ झाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शिक्षण चालू. ग्लोव्हज काढायचे ते उलटे, आतली बाजू बाहेर येईल असे, दातांचा संबंध नाही. एक काम, एक जोडी. जंतुनाशक पाणी रोज ताजं. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद, आणि मावशींना ऐकू येईल असं सांगायचं, बंद केला. त्या म्हणतात, ठीक.

हात धुणं अजून जमत नाही. मामा बाजूला उभे राहतात. साबण, तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, इथवर मी बरा आहे. मग त्याच हाताने नळ बंद करतो. पुन्हा. मग नाकावर चष्मा सरकवतो. पुन्हा. आज सलग चार वेळा नापास झालो. बावीस वर्षं मी लोकांच्या अर्जांवर अपूर्ण असा शेरा मारून परत पाठवत होतो. आता कळतंय.

आज एक म्हातारे गृहस्थ आले, म्हणजे आणले. मामांनी आधी हात धुतले. मीही धुतले. का ते विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लेक आली. बाळ आलं. मी दारापासून सहा पावलांवर उभा राहून पाहिलं. कपाळ आपल्याकडचं आहे. नाक सुदैवाने नाही.

कागद नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी एकदा विचारून पाहिलं. मायलेकींनी पुन्हा दोन मिनिटांत ठरवलं. कागद राहू दे. उद्या त्या मामांना घरी बोलवा. ते म्हणतील की तुमचे हात स्वच्छ आहेत, तर घ्या बाळाला. सव्वीस वर्षं शवागारात काढलेल्या माणसाच्या शब्दावर माझी बायको नात सोपवणार आणि माझ्या शब्दावर नाही. गंमत म्हणजे मला पटलं.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.१०

मामा आले. धुतलेला सदरा. आल्या आल्या विचारलं, नळ कुठे आहे? धुऊन आले, हात वर धरून, कोपरं बाहेर. लेकीने दोन क्षण पाहिलं आणि बाळ सरळ त्यांच्या हातात दिलं. नातीला पहिल्यांदा घेणारा शवागारातला माणूस मी असणार होतो. तो मान मामांना मिळाला. त्यांनी ज्या पद्धतीने तिचं डोकं धरलं, तीच पद्धत मी रोज त्या ट्रॉलीपाशी पाहतो. तितकंच हळू.

मामांचे डोळे भरले होते. हात दोन्ही गुंतलेले, म्हणून पुसले नाहीत.

४.३५

माझी पाळी. पहिल्यांदा नळ हाताने बंद केला. दुसऱ्यांदा चष्मा. तिसऱ्यांदा आनंदाच्या भरात टॉवेलाऐवजी पॅन्टला पुसले. चौथ्यांदा फोन वाजला, सवयीने उचलला. पाचव्यांदा मामांनी दोन्ही हात उलटसुलट पाहिले, मान डोलावली. म्हणाले, झालं. ही म्हणाली, झालं. लेक म्हणाली, बाळ झोपलं. झोपलेल्या बाळाला उचलायचं नाही.

४.५०

वाट पाहतो आहे. हात स्वच्छ आहेत. आयुष्यात इतके स्वच्छ कधी नव्हते. आत सगळे कुजबुजत आहेत. वेळ जावा म्हणून कपाटावरून वहीची पिशवी काढली, हे चार शब्द लिहायला घेतले. असा दिवस नोंदवायला नको? पुढे नात मोठी होऊन वाचेल.

हाक आली. उठलं! चाललो.

५.०५

दारात मामा उभे होते. माझ्या हातांकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. ही वही. जी पिवळ्या पिशवीत जायची होती. नळाकडे बोट केलं.

सहाव्यांदा धुवायला जातो. फक्त एवढी नोंद करून